आक्काताईंनी पास केलेला मासा

आक्काताई पोरांशी खोटं बोलत नसत. राजारामपुरीतल्या डॉक्टर इरावतींच्या बालदवाखान्यात आलेलं पोर बाही वर करायच्या आधी विचारायचं, "आक्का, दुखतंय का ओ?" पाठीमागून आई डोळ्यांनी कितीही खुणावत असली तरी आक्काताई सांगायच्या, "दुखतंय की! लाल मुंगी चावल्यावानी. धा मोजूस्तवर दुखंल, मग न्हाय." आया फुरंगटायच्या. पोर मात्र मोठ्यानं दहा आकडे मोजायचं आणि अकराव्याला खरंच गप व्हायचं. पुढच्या खेपेला ते आईचा हात सोडून थेट आक्काताईंच्या खुर्चीकडं यायचं. कागदोपत्री त्या शिपाई होत्या. पण चौदा वर्षांत त्यांनी तिथं कमावलं होतं ते एवढंच, की आक्का सांगते ते खरं.

बाई मूळच्या नेसरीच्या. अंगानं ठेंगण्या, आवाजानं दणदणीत. या बांधावरून त्या बांधावर बोलायची गावाकडची सवय शहरात येऊन तीस वर्षं झाली तरी सुटली नव्हती. 'हळू बोला' अशा पाटीखाली खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "हळू बोला की रं!" नवरा गेला, मुलगी सासरी गेली, तसा दवाखाना हेच त्यांचं घर झालं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या एक चक्कर मारून जायच्या. माणसांसाठी नव्हे, माशांसाठी.

माशांची टाकी दवाखान्यात आली ती वास्तूच्या नावानं. कुणीतरी डॉक्टरांना सांगितलं, ईशान्येला नऊ मासे ठेवा, आठ सोनेरी, एक काळा. ठेवले. दोन महिन्यांत नऊच्या नऊ मेले. येणारा-जाणारा म्हणू लागला, बरं झालं डॉक्टर, तुमच्यावरची इडापिडा माशांनी अंगावर घेतली. कोपऱ्यात फरशी पुसत आक्काताई ऐकत होत्या. "इडापिडा कसली?" त्या म्हणाल्या, "नळाचं औषधाचं पानी घेतलं त्येंनी अंगावर. रातभर बादलीत ठिवून मग घालायचं असतंय." हे त्यांना कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. त्यांना फक्त बघायची सवय होती. डॉक्टर इरावती हसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, मग आजपासून टाकी तुमची."

तिथून पुढं आक्काताई शिकत गेल्या, त्याही चुकत चुकतच. एकदा त्यांनी एक एंजल मासा आणला. पांढरा, संथ, लांबलचक पर मागं सोडून चालणारा. पोरांनी त्याचं नाव शालूबाई ठेवलं, कारण तो पदर सांभाळत चालल्यासारखाच दिसायचा. त्याच्या सोबतीला आक्काताईंनी दोन पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब सोडले. त्या दोघांनी तीन दिवसांत शालूबाईचा पदर कुरतडून लुगडं गुडघ्यापर्यंत आणलं. आक्काताई लक्ष्मीपुरीतल्या माशांच्या दुकानात जाऊन दुकानदारावर ओरडल्या. तो म्हणाला, "मावशी, दोन नेलासा म्हणून झालं. आठ न्या." आक्काताईंना आधी वाटलं, हा माल खपवतोय. मग घरी जाऊन विचार केला, पटलं, आणि आणखी सहा आणले. दोन असले की ते दुसऱ्याच्या मागं लागतात. आठ असले की त्यांची त्यांच्यातच भावकी सुरू होते, आणि बाकीचे सुखानं नांदतात. शालूबाईचे पर पुन्हा वाढले.

हळूहळू त्यांनी आपली एक पद्धत बसवली. नव्या माशाला त्या 'पावणं' म्हणायच्या. पावण्यानं पंधरा दिवस मागच्या अंगणातल्या निळ्या टबात राहायचं, चिमूटभर खडामीठ घातलेल्या पाण्यात. रोग असला तर तिथंच दिसतो. मग टाकीत सोडायच्या दिवशी आधी जुन्यांना पोटभर खायला घालायचं. टाकीतले दगड, कुंड्या, झाडं सगळी उचलून जागा बदलायची, म्हणजे 'हा कोपरा माझा' म्हणणाऱ्याला आपला कोपरा कुठं गेला ते कळत नाही. दिवा बंद करायचा. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, वाटी-वाटीनं टाकीचं पाणी पिशवीत घालायचं, आणि तासाभरानं पावण्याला आपणहून बाहेर पडू द्यायचं. त्यातूनही जुन्यांपैकी कुणी अंगावर गेलाच, तर भाजी धुवायच्या प्लास्टिकच्या चाळणीत त्याला चार दिवस टाकीतच अडकवायचं. बार्बांपैकी एक दांडगा होता, पैलवान म्हणायचे त्याला. तो वर्षातून दोनदा तरी चाळणीत असायचा. पोरं काचेला नाक लावून विचारायची, "आक्का, पैलवान शिक्षेला का?" आणि आक्काताई त्याचा गुन्हा सविस्तर सांगायच्या.

या पद्धतीचे नियम सगळ्यांत पाठ होते ते अक्षताला. सात वर्षांची पोर, दम्याची. दर शनिवारी यायची. वाफेचा मास्क तोंडाला लावायचा म्हटलं की जीव घुसमटायच्या भीतीनं हातपाय झाडायची. आईचं ऐकायची नाही, डॉक्टरांचंही नाही. आक्काताई जवळ बसून सांगायच्या, "पयली दोन मिन्टं घाबरल्यावानी हुतंय. मग छाती मोकळी हुत्या बघ." मग ती मास्क लावून घ्यायची. मोबदल्यात तिला शालूबाईला चार दाणे चिमटीनं भरवायला मिळायचे. शालूबाई बोटाजवळ येऊन खायची, हे अख्ख्या दवाखान्यात फक्त या दोघींनाच जमत होतं.

आणि डॉक्टर इरावती? त्यांना आक्काताई 'बाई' म्हणायच्या, पण मनात धाकटी बहीणच मानायच्या. कोरोनाच्या साली डॉक्टरांचा नवरा गेला, तेव्हा नात्यातली माणसं फोनवरून रडली. आक्काताई मात्र मास्क बांधून त्यांच्या दारात जाऊन बसल्या, नऊ दिवस. दुपारी दोघी मागच्या खोलीत एका डब्यात जेवायच्या, आक्काताईंचा खर्डा आणि डॉक्टरांची पोळी. मोठमोठे लोक टाकी बघून कौतुक करू लागले की डॉक्टर चारचौघांत सांगायच्या, "माशांच्या बाबतीत इथं आक्कांचा शब्द शेवटचा." हे ऐकायला आक्काताई मुद्दाम जवळपास काहीतरी पुसत राहायच्या. माणसाला कौतुक कुठं नको असतं?

यंदा दवाखान्याचं नूतनीकरण झालं. डॉक्टरांचा मुलगा श्रेयसही डॉक्टर होऊन परतला होता, त्याचं लग्नही झालं होतं. नव्या दवाखान्याचं उद्घाटन दसऱ्याच्या मुहूर्तावर ठरलं, आणि उद्घाटक म्हणून श्रेयसचे सासरे, बांधकाम व्यवसायातलं बडं प्रस्थ, गणपतराव. दसऱ्याच्या चार दिवस आधी गणपतरावांनी भेट पाठवली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. इथं व्याह्यांनी मासा धाडला. वीतभर लांब, लालभडक, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. फ्लॉवरहॉर्न. ज्याच्या घरी हा, त्याच्या घरी भरभराट, असा निरोपही सोबत होता.

आक्काताईंनी पिशवी उजेडात धरून बघितली. आतला मासा पिशवीआडूनच त्यांच्या बोटावर धावून आला. त्यांनी त्याला टबात सोडलं आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"बाई, ह्यो पावणा आपल्यात चालायचा न्हाय. एकटा ऱ्हानारा हाय त्यो. पंधरा दिस ठिवा न्हायतर पंधरा म्हयनं ठिवा, दुसऱ्याला जगू द्यायचा न्हाय. येगळी काच आना त्येला."

"आणू की. दसरा झाला की लगेच आणू."

"मी दसऱ्याला हितं नसतीया."

ते डॉक्टरांना माहीत होतं. आक्काताईंच्या घरची माणसं छप्पन सालापासूनची बौद्ध. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा सासऱ्यांपासूनचा नेम, आणि चौदा वर्षांत डॉक्टरांनी ती सुट्टी कधी नाकारली नव्हती. डॉक्टर उठल्या, आक्काताईंच्या खांद्यावर हात ठेवला. "आक्का, निवांत जाऊन या. तुम्ही येईपर्यंत तो मासा टबातून बाहेर येणार नाही. माझा शब्द."

आक्काताई निवांत गेल्या. गाडीत शेजारच्या बायकांना त्यांनी शालूबाईच्या गोष्टी सांगितल्या. दीक्षाभूमीवरून अक्षतासाठी एक छोटी दोनरेघी वही घेतली.

शनिवारी सकाळी त्या उतरल्या आणि घरी पिशवी टाकून थेट दवाखान्यात आल्या. नवी चकचकीत फरशी, भिंतीवर फुगे सुकलेले. टाकीपाशी गेल्या आणि उभ्याच राहिल्या. मधोमध व्याह्यांचा मासा फिरत होता, एकटाच, सगळी टाकी आपल्या बापाची असल्यासारखा. आठांतले पाचच बार्ब उरले होते, वरच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. पैलवान त्यांत नव्हता. शालूबाई कुठंच नव्हती.

रिसेप्शनवरची मनाली मान खाली घालून म्हणाली, "काल काढली आक्का, शालूबाई. मी झाडाच्या कुंडीत पुरली."

"टबातनं भाईर कुनी काढला ह्यो?"

मनालीनं सांगितलं ते असं. नारळ फुटला, फीत कापली, भाषणं झाली. फोटोवाला म्हणाला, साहेबांच्या हस्ते मासा टाकीत सोडताना फोटो घेऊ, पेपरला चांगला दिसेल. गणपतरावांना कल्पना भारी आवडली. मासा पिशवीत घालून आणला गेला. पाहुण्यांत अक्षताही होती, आईबरोबर. पिशवी टाकीवर धरली गेली तशी ती पोर सगळ्यांत मोठ्यानं ओरडली, "पंधरा दिवस झाले नाहीत! आक्का रागावतील!" सगळे हसले. पण गणपतरावांचा हात थांबला. त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. आणि डॉक्टर इरावतींनी, हातात माईक होता त्यात, हसत हसत सांगितलं, "अगं, आमच्या आक्कांनीच पास केलाय हा मासा. त्या म्हणाल्या, खुशाल सोडा."

"मग?" आक्काताईंनी विचारलं.

"मग अक्षता म्हणाली, आक्का म्हणाल्या असतील तर ठीक आहे. आणि तिनंच पहिली टाळी वाजवली."

आक्काताईंना राग यायच्या आधी लाज वाटली, जणू खरंच आपण काही केलंय. मासा मेला त्याचं दुःख होतंच. दुखलं ते दुसरंच. आपण गाडीत बसून बाईंचं कौतुक सांगत होतो, त्याच घटकेला बाई माईकवर आपल्या नावानं खोटं बोलत होत्या. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्या माणसानं केसानं गळा कापला, तर शिव्यासुद्धा सुचत नाहीत.

त्यांनी बाह्या वर केल्या. फ्लॉवरहॉर्नला जाळ्यात घेताना त्यानं बोटाला चावा घेतला. रक्त आलं, तरी त्यांनी त्याला टबात नेऊन सोडलं. मग टाकीतला एकेक दगड उचलून जागा बदलली आणि दिवा बंद केला. पाच बार्ब अंधारात खाली यायला लागले.

अकरा वाजता अक्षता आली. धावत टाकीपाशी गेली, खाली वाकून, वर चढून, मागून, सगळीकडून शालूबाईला शोधलं. मग आक्काताईंसमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही का सांगितलं सोडा म्हणून?"

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. आक्काताईंनी तिकडं बघितलं. डॉक्टरांनीही ऐकलं होतं. त्यांची नजर क्षणभर वर आली, आक्काताईंच्या नजरेला भिडली, आणि पुन्हा समोरच्या कागदावर गेली. पेन चालू झालं. आक्काताई थांबल्या. आत्ता बोलतील, त्यांना वाटलं. आत्ता उठून बाहेर येतील. कुणी आलं नाही. अक्षताच्या आईनं, "जाऊ दे गं, होतं असं," म्हणून पोरीला आत नेलं. त्या दिवशी मास्क लावताना तिनं फार हातपाय झाडले. आक्काताई जवळ जाऊन म्हणाल्या, "दोनच मिन्टं," तर तिनं तोंड फिरवलं. शेवटी आई आणि मनाली, दोघींना तिला धरून लावावा लागला.

दुपारी मागच्या खोलीत डॉक्टर डबा घेऊन आल्या. आक्काताईंनी आपला डबा उघडला नव्हता.

"आक्का, माझं चुकलं. पण परिस्थिती समजून घ्या. व्याही माणूस, हातात पिशवी, पन्नास लोक बघतायत. मी त्यांना नको म्हणायचं कसं? तुमचं नाव घेतलं की विषय संपतो, एवढंच डोक्यात आलं."

"माजंच नाव का घितलासा?"

"दुसऱ्या कुणाचं घेऊन चाललं असतं का? तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे म्हणूनच ना. आणि तुम्ही तिथं नव्हता. तुम्हाला ऐकायला लागलं नसतं."

आक्काताईंनी आपला डबा बाजूला सारला. बाई हे सगळं समजूत घालायला सांगत होत्या, आणि त्यांना कळतही नव्हतं आपण काय बोलतोय ते. नऊ दिवस आपण या बाईच्या दारात बसलो होतो. तेव्हाही कुणी बघत नव्हतं.

"मी वेगळी काच मागवलीय," डॉक्टर म्हणाल्या. "सोमवारी येईल. दुसरा एंजल आणू. तुम्हाला आणखी काय पाहिजे ते सांगा, आक्का. दिवाळीला चांगली साडी घेते."

"साडी नगं. मासाबी नगं." आक्काताईंचा आवाज पहिल्यांदाच 'हळू बोला'च्या पाटीला शोभेल असा होता. "त्या पोरीला सांगा, आक्का तसं म्हनली न्हवती. लोकास्नी नगा सांगू, व्याह्यास्नी नगा सांगू. तिला येकटीला सांगा. बास."

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला, चावलेल्या बोटाची पट्टी नीट केली. "पुढच्या शनिवारी ती आली की सांगते. नक्की."

आक्काताईंनी तो आठवडा कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. शिकल्यासवरल्या माणसानं शब्द मोडला तरी त्यालाच दुसऱ्यांदा संधी द्यायची, ही आपली जुनी खोड. त्यांनाही वाटलं, बाईंनी एकदा चूक केली, दुसऱ्यांदा करणार नाहीत. चौदा वर्षं काही वाया जात नाहीत. नवी काच आली, व्याह्यांचा मासा डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि तिथं आपल्याच प्रतिबिंबावर धावून जात राहिला. टाकीतले पाच बार्ब खायला लागले. आक्काताईंनी वही पिशवीत घालून रोज आणली आणि रोज परत नेली. ती सगळं नीट झाल्यावर द्यायची होती.

शनिवारी अक्षता आली. आक्काताईंकडं न बघता आईच्या मागून आत गेली. डॉक्टरांनी दाराशी येऊन आक्काताईंना मान हलवून खूण केली आणि दार लावून घेतलं. आक्काताई खुर्चीतून उठल्या. बाहेर दोन पोरं बाकावर भांडत होती, त्यांना त्या ओरडल्या नाहीत.

दहा मिनिटांनी दार उघडलं. अक्षता बाहेर आली, नाकावर मास्कचा लाल वण घेऊन. या वेळी ती सरळ आक्काताईंकडं आली. चेहरा निवळलेला होता.

आक्काताई खाली वाकल्या. "बाईंनी सांगितलं तुला?"

अक्षतानं मान डोलावली.

"काय सांगितलं?"

"आक्कांवर रागवायचं नाही म्हणाल्या. आक्का आता म्हाताऱ्या झाल्यात, त्यांच्या हातून चुकतं कधीकधी. तू मोठ्या मनानं माफ कर म्हणाल्या." आणि तिनं आपला हात पुढं केला, मोठी माणसं करतात तसा. "मी केलं माफ."

मागं तिची आई कौतुकानं हसत होती. खोलीत डॉक्टर पुढच्या पोराच्या छातीला नळी लावून वाकल्या होत्या, पाठ दाराकडं.

आक्काताईंच्या ओठांवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य खरं होतं. पण मग डॉक्टर खोटं बोलतात हे या पोरीला कळणार, आणि पुढच्या शनिवारी दम लागल्यावर ती कुणाच्या शब्दावर तोंडाला मास्क लावणार? समोरचा हात तसाच पुढं होता.

आक्काताईंनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"व्हय गं बाळ," त्या म्हणाल्या. "चुकलं माजं."